पलीकडचं टोक

सीसॉवर म्हातारा एकटाच बसला होता, आणि तो वर होता.

मी आधी फळी पाहिली, मग म्हातारा, मग पलीकडचं टोक. पलीकडचं टोक जमिनीला टेकलं होतं आणि त्यावर कोणीही नव्हतं. म्हाताऱ्याच्या चपला अधांतरी लोंबकळत होत्या. पांढरा लेंगा, सदरा, डोक्याला काळी टोपी. दोन्ही हातांनी त्यानं समोरची दांडी धरली होती आणि कुणाचं तरी बोलणं ऐकावं तसा तो पलीकडे बघत होता.

वेळ संध्याकाळी साडेपाचची. लख्ख ऊन होतं. अशा प्रसंगांना शोभणारा अंधार, घुबड वगैरे कशाचीच सोय नव्हती.

"जाम झालंय," मी म्हणालो.

"नाही झालेलं," शेजारी उभा असलेला रखवालदार गेनूजी म्हणाला.

"मग तो वर कसा?"

"मी रखवालदार आहे, साहेब. इंजिनिअर तुम्ही आहात."

या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीसचा होतो, महापालिकेच्या उद्यान विभागात कनिष्ठ अभियंता होतो, आणि नोकरीत कायम व्हायला तीन महिने उरले होते. रेणुकानगरच्या बालोद्यानाचं नूतनीकरण हे माझ्याकडं आलेलं पहिलं स्वतंत्र काम. या बालोद्यानात बालकं थोडी होती आणि उद्यान त्याहून थोडं. 'गवतावर चालू नये' अशी पाटी होती आणि त्या भागात हिरवी म्हणावी अशी तेवढी ती पाटीच होती. जुने लोखंडी झोपाळे, घसरगुंडी आणि सीसॉ काढून तिथं फायबरचा एक भव्य हत्ती बसवायचा होता. मुलं हत्तीच्या सोंडेतून घसरत खाली येणार होती. ती हत्तीत शिरणार कुठून, हे नकाशात स्पष्ट दाखवलं होतं. मी इथं लिहीत नाही.

त्या दिवशी मी कॅमेरा घेऊन आलो होतो. काढायच्या प्रत्येक वस्तूचा 'कामापूर्वी' असा फोटो लागतो आणि त्यात माणूस चालत नाही. माणूस दिसला तर तपासणीत विचारतात, नूतनीकरणात याचं काय केलंत?

"काका, जरा उतरता का? फोटो काढायचाय."

"हो की. एक मिनिट हं, साहेब." मग पलीकडे बघून त्यानं आवाज हलका केला. "ऊठ गं. साहेबांना फोटो काढायचाय. हळू."

फळी हलली. पलीकडचं टोक जमिनीवरून सुटलं आणि कुणीतरी पायांनी रेटा द्यावा तसं सावकाश वर आलं. फळी आडवी झाली आणि तिथंच थांबली. म्हाताऱ्यानं पाय टेकले, तो उठला, पण फळी त्यानं सोडली नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून तो पलीकडे बघत राहिला.

"उतरलीस?" त्यानं विचारलं. थोडं थांबला. मग हात सोडले. फळी दोनदा डुगडुगली आणि इतर कुठल्याही रिकाम्या सीसॉसारखी कलून पडली.

"एकदम उठलं तर पलीकडच्याला दणका बसतो," तो मला म्हणाला. "कंबर मोडते. पोरांना कोणी हे शिकवत नाही हल्ली."

मी पुढं होऊन फळी वरखाली करून पाहिली. एका बोटानं हलत होती. मधल्या सांध्यातलं तेल ताजं होतं.

"तेल मीच घालतो," म्हातारा म्हणाला. "शिलाई मशिनचं. मी वनारसे. वनारसे टेलर्स म्हणून दुकान होतं चौकात. आता डोळ्यांमुळं बंद केलं. घरी थोडंबहुत करतो."

मी फोटो काढला आणि कार्यालयात जाऊन अहवालात लिहिलं, 'सीसॉ, एक नग, वापरात नाही.'

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मी पुन्हा तिथं होतो. काही काम नव्हतं. गेनूजीनं मला पाहिलं आणि न विचारताच सांगायला सुरुवात केली.

"पोरं त्या बाजूला फिरकत नाहीत, साहेब. मागं एक पोरगी बसली होती त्या टोकाला. सहा-सात वर्षांची असेल. लगेच उठून आईकडं गेली. रडली नाही, काही नाही. म्हणाली, तिथं आधीच एक आजी बसलीय, मी तिच्या मांडीवर बसले."

"मग?"

"मग काय? आईनं भेळ घेऊन दिली."

वनारसे वर बसले होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. वर बसलेल्या माणसाशी खालून बोलताना आपोआप अदब येते. मी त्यांना नमस्कार केला.

"काका, पलीकडं कोण असतं?"

"आमची मंडळी. अनसूया." रेशनच्या दुकानात कार्डावरची नावं सांगावीत इतक्या सहज त्यांनी सांगितलं. "तीन वर्षं झाली जाऊन. मूलबाळ नव्हतं आम्हाला. दुकान बंद केलं की इथं यायचो, पोरं घरी गेल्यावर. बाई माणूस सीसॉवर बसते म्हणून लोक हसायचे. ती म्हणायची, हसू देत. दिवसभर काज-बटणं करून मान खाली असते, इथं तेवढी वर होते."

"दिसतात तुम्हाला?"

"नाही."

"बोलतात?"

"आवाज नाही येत, साहेब. वजन तेवढं येतं."

मग त्यांनीच विचारलं, "हे काढणार म्हणे?"

"अकरा तारखेला. चौदाला उद्घाटन आहे."

"काढा. सगळ्यांसाठी चाललंय, मी कोण आडवा येणारा? माझं म्हणणं इतकंच, कापायच्या आधी मला उतरवून घेऊ द्या. हात धरून घरी नेईन. चार गल्ल्या सोडून तर घर. पण मधे मोठा रस्ता लागतो, आणि तिनं तो एकटीनं कधी ओलांडला नाही. मी बरोबर नसलो की जिथल्या तिथं बसून राहते. दवाखान्यातसुद्धा तसंच करायची."

"तुम्ही आल्याशिवाय हात लावणार नाही," मी म्हणालो. "अकराला, साडेपाचला."

"शब्द?"

"शब्द."

सरकारी नोकरीत माणसानं शब्द देऊ नये. पत्र द्यावं.

सात तारखेला कोनशिला आली. काम सुरू होण्याआधी कोनशिला तयार ठेवायची आमच्याकडं पद्धत होती. कामाचं एक वेळ काहीही होवो, दगड मागं राहता कामा नये. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, वर नगरसेवक, खाली आयुक्त, त्याखाली इतकी नावं की बागेत त्या सगळ्यांना उभं राहायला जागा झाली नसती. आणि तारीख चौदाऐवजी बारा.

उपअभियंता माजगावकर साहेबांनी चष्मा पुसून दगड दोनदा वाचला.

"निमकर, दगड बदलायला किती दिवस?"

"पाथरवट आठ म्हणतोय, सर."

"आणि तारीख बदलायला?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

"पाहुण्यांना फोन केला तर दोन मिनिटं," साहेब स्वतःच म्हणाले. "बाराला उद्घाटन. हत्तीचे पाय काँक्रीटमध्ये बसायला दोन दिवस लागतील. परवा दुपारपर्यंत मैदान मोकळं पाहिजे."

परवा म्हणजे नऊ. वनारशांचं घर चार गल्ल्यांवर होतं, गेनूजीला ठाऊक होतं, माझ्याकडं मोटारसायकल होती. मला जाता आलं असतं. आठ तारखेला मी त्या मोठ्या रस्त्यापर्यंत गेलोही. पण कुणाच्या दारात जाऊन, 'तुमच्या वारलेल्या बायकोला दोन दिवस आधी उतरवून घ्या, आमचा दगड चुकलाय,' हे कुठल्या शब्दांत सांगायचं, ते मला सुचेना. मी रस्त्याच्या कडेला उसाचा रस प्यालो आणि परतलो.

नऊ तारखेला दुपारी दोनला ठेकेदाराचा रफिक मजूर आणि गॅस कटर घेऊन आला. झोपाळे निघाले, घसरगुंडी निघाली. सीसॉची फळी मी स्वतः मोजली, मधोमध खडूनं रेघ मारली. एक टोक जमिनीला टेकलेलं होतं, नेहमीसारखं.

"साहेब, ही फळी आधी सपाट करू? सपाट कापली तर बरं पडतं," रफिक म्हणाला आणि त्यानं खालचं टोक उचलायला हात घातला. मग दुसरा हात घातला. मग माझ्याकडं पाहिलं.

"खाली वेल्डिंग हाय का काय?"

"माती चिकटली असेल," मी म्हणालो. चैत्र होता. ढेकूळ हातात धरलं तर भुगा व्हावा अशी माती. "राहू दे. तशीच काप."

ज्योत रेघेवर चालायला लागली. मी घड्याळात पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं. गेनूजी फाटकापाशी पाठ करून उभा होता. रखवालदाराला मी असं उभं राहिलेलं एरवी कधी पाहिलं नाही.

फळी तुटली तेव्हा वरचं टोक खणखणत खाली आलं. खालचं टोक खालीच होतं, त्याला पडायला जागा नव्हती. तरी त्याच्याभोवती धूळ उडाली. धप्प असा आवाज झाला, लोखंडाचा नव्हे, अंगाचा. पायरी चुकलेल्या माणसाचा होतो तसा.

रफिकनं ज्योत विझवली. "कोन पडलं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

एक तुकडा दोघांनी सहज उचलून टेम्पोत टाकला. दुसऱ्याला चौघं लागले. मजुरांना न बोलण्याची सवय असते आणि अभियंत्यांना न ऐकण्याची. टेम्पो महापालिकेच्या भांडाराकडं गेला.

साडेपाचला वनारसे आले. धुतलेला सदरा घातला होता. अकराला दोन दिवस होते. ते रोजच्यासारखे बसायला आले होते. जिथं सीसॉ होता तिथं चार खड्डे खणले होते आणि कडेला हत्तीचं मुंडकं पडलं होतं. ते बराच वेळ हत्तीकडं बघत राहिले.

"तारीख अलीकडं आली, काका," मी म्हणालो.

"असू दे, असू दे." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "उतरवली होती ना?"

एवढंच विचारलं त्यांनी. भांडले असते, शिव्या दिल्या असत्या तर माझी सोय झाली असती.

"हो," मी म्हणालो.

"सावकाश?"

"सावकाश. मी स्वतः धरलं होतं."

"मग कुठं गेली?"

"घराकडं," मी म्हणालो आणि हातानं दिशा दाखवली.

"मग बरं," ते म्हणाले आणि निघाले. फाटकाबाहेर पडल्यावर त्यांची चाल वाढली. सत्तरीचा माणूस जवळजवळ पळत होता.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी कार्यालयात पोचलो तेव्हा ते माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसले होते. कधीपासून, ते शिपायालाही माहीत नव्हतं.

"साहेब, घरी नाही आली."

पंखा फिरत होता. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी डबा कसला आहे ते सांगत होतं.

"रात्रभर दार उघडं ठेवलं. कॉटवर तिची बाजू आहे, भिंतीकडची, तिथं हात लावून बघितला. काही नाही."

मी उठलो. "चला," म्हणालो. रजेचा अर्ज टाकला नाही, साहेबांना सांगितलं नाही. कायम न झालेल्या माणसानं करू नये ते केलं.

रिक्षात बसल्यावर मी म्हणालो, "काका, काल मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"तुम्ही 'घराकडं' म्हणालात आणि हात केलात बाजाराकडं." ते बाहेर बघत होते. "पण वाटलं, समजा खरंच असलं तर? म्हणून घरी जाऊन बघितलं."

भांडार गावाबाहेर होतं. मोडके बाक, कचराकुंड्या, पडलेले दिव्यांचे खांब, एका बंद पडलेल्या कारंज्यातले दोन सिमेंटचे बगळे. शहरानं केलेल्या सगळ्या सुधारणा तिथं ओळीनं आडव्या झाल्या होत्या. भांडारपाल चौगुले पेपर वाचत होता. आमच्या फळीचे दोन तुकडे भिंतीशी पडले होते. सारखेच लांब, सारखाच उडालेला पिवळा रंग, सारखीच बसायची जागा, सारखीच दांडी.

वनारसे खाली बसले. एका तुकड्यावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर. डोळे मिटून कापडाचा पोत बघावा तसे.

"कळत नाही," ते म्हणाले. "दोन्ही गारच. अनू..." त्यांनी हाक मारली. मग माझ्याकडं वळून ओशाळल्यासारखं हसले. "आवाज येत नाही म्हणालो ना तुम्हाला."

"चौगुले," मी म्हणालो, "हे काट्यावर घ्या."

"काल आलेत ते. पत्र नाही बरोबर. पत्राशिवाय मी वजन करत नाही."

"पत्र मी देतो. आधी घ्या."

चौगुलेनं दोन माणसांना हाक मारली. पहिला तुकडा काट्यावर चढला. मोठी तबकडी होती, पाव किलोचाही फरक दाखवणारी. सदतीस किलो. उतरवला. दुसऱ्याला दोघं भिडले, थांबले, तिसऱ्याला बोलावलं, चौथ्याला बोलावलं. तुकडा काट्यावर टेकला आणि तबकडीवरचा काटा सरसर फिरला. अठ्ठ्याऐंशी.

चौगुलेनं तबकडीवर टिचकी मारली. "साहेब, एकाच फळीचे दोन ना?"

"हो."

"मधोमध कापली?"

"रेघ मी मारली होती."

चौगुलेनं माणसांकडं पाहिलं. माणसं चार पावलं मागं सरली होती. त्यांच्यातला एक हात पँटला पुसत होता, पुन्हा पुन्हा.

वनारसे काट्याजवळ गेले. बसायच्या जागेच्या बाजूला उभे राहिले आणि हात पुढं केला. "ऊठ. मी आलोय. चल घरी."

तबकडी अठ्ठ्याऐंशीवर.

"दणका बसलाय तिला," ते मला म्हणाले. "आता पलीकडून कोणी धरल्याशिवाय उतरायची नाही. चाळीस वर्षांची सवय आहे. मी हात दिला तर पलीकडं कोणी नाही, आणि पलीकडं गेलो तर हात द्यायला कोणी नाही."

त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही. फक्त थांबले.

चौगुले बघत होता, त्याची चार माणसं बघत होती, दारातून आणखी दोघं आले होते. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट माजगावकर साहेबांच्या टेबलावर पोचणार, यात शंका नव्हती. मी गुडघे टेकले आणि फळीचं कापलेलं टोक दोन्ही हातांनी धरलं. गॅसनं कापलेल्या लोखंडाला करवतीसारखे दाते असतात. मी उचललं नाही. उचललं तर वजन कमी दिसणारच, एवढं अभियांत्रिकी मला अजून आठवत होतं. नुसतं धरलं. लोखंड थरथरत होतं. अगदी बारीक, भ्यालेल्या माणसाचा दंड धरल्यावर लागतं तसं.

"सांगा तिला," वनारसे म्हणाले.

"काय सांगू?"

"खरं ते."

"वनारसेकाकू," मी म्हणालो. माझा आवाज मला परका वाटला. "काल मी धरलं नव्हतं. आज धरलंय. उतरा."

कुणी हसलं नाही. मी आजही त्या लोकांचा आभारी आहे.

आधी थरथर थांबली. मग माझ्या हातांतलं लोखंड हलकं झालं. एकदम नाही, कुणी आधी एक पाय टेकवावा, अंदाज घ्यावा, मग दुसरा टेकवावा, तसं. वनारशांचा पुढं केलेला हात अर्धी वीत खाली गेला आणि परत वर आला. तबकडीवरचा काटा मागं फिरत सदतीसवर येऊन उभा राहिला. मी हात काढून घेतले. काटा सदतीसवरच राहिला.

चौगुलेनं पेन काढलं.

"साहेब, वजन कोणतं लिहू?"

"आत्ताचं."

रिक्षा फाटकाशी थांबलेली होती. वनारशांनी तिचा दांडा धरला, बाजूला होऊन जरा वेळ थांबले, आणि मग स्वतः कडेला अंग चोरून बसले. मी येत नाही म्हणालो. पत्र लिहायचं होतं. रिक्षावाला मागं वळून म्हणाला, "आजोबा, मधे सरका की, एवढी जागा आहे." ते सरकले नाहीत.

रिक्षा सुरू झाली तसं त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"साहेब, मघाशी तिचं किती भरलं म्हणायचं?"

"एक्कावन्न."

"एक्कावन्न?" त्यांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. "नक्की?"

"नक्की. सरकारी काटा आहे."

"दवाखान्यातून आणली तेव्हा चौतीस होती हो." त्यांनी शेजारी वळून पाहिलं, खालपासून वरपर्यंत, शिंपी गिऱ्हाइकाकडं बघतो तसं. "तिचे सगळे ब्लाऊज मी आत घेतले होते तेव्हा. तीन-तीनदा. कापड कापलं नव्हतं, आतच ठेवलंय." मग घाईनं रिक्षावाल्याला म्हणाले, "चल बाबा, लवकर चल. उजेड आहे तोवर उसवायला घेतले पाहिजेत."